घरच्या स्टुडिओत रीअँप बॉक्स लावायचाय? आधी लेव्हल बघा, मग टोन

सोलापुरात घरी रेकॉर्डिंग करणारी पोरं आता लय झालीत. एक खोली, एक लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), एखादा माइक आणि गिटार, एवढ्यावर गाणी होतायत आणि चांगली होतायत. पण गिटारचा विषय आला की बहुतेक जण प्लगइनवरच, म्हणजे अँपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवरच थांबतात, कारण खरा अँप मोठ्याने वाजवायला घरात वेळच मिळत नाही. दिवसा शेजारी, रात्री घरचे झोपलेले, आणि पूर्व भागात राहत असाल तर मागाचा खडखडाट भिंतीतून येतो तो वेगळाच, अशात माइक लावून टेक घ्यायचा म्हणजे एक ओळ नीट होते तोवर कोणतरी बेल वाजवतं.

रीअँपिंगमध्ये वाजवणं आणि आवाज करणं ही दोन कामं वेगळी होतात, आणि घरच्या माणसाला ह्याचाच सगळ्यात जास्त फायदा आहे. गिटार थेट इंटरफेसमध्ये लावून कोरी रेकॉर्ड करायची, म्हणजे डीआय ट्रॅक. रात्री २ वाजता हेडफोन घालून वाजवा, गड्डा यात्रेच्या दिवसात बाहेर स्पीकर चालू असताना वाजवा, डीआयला बाहेरचं काही ऐकू येत नाही कारण त्यात माइकच नाही. मग नंतर कधीतरी दुपारी, शेजारी कामावर गेले की तो ट्रॅक लॅपटॉपमधून बाहेर काढून अँपमध्ये पाठवायचा, अँपसमोर माइक लावायचा आणि तो आवाज परत रेकॉर्ड करायचा. ४ मिनिटांच्या गाण्याला अँप ४ मिनिटं मोठा वाजतो, शंभर टेक तुम्ही आधीच गुपचूप घेऊन ठेवलेले असतात.

आता प्रश्न असा की मध्ये तो रीअँप बॉक्स नावाचा डबा कशाला, इंटरफेसच्या लाइन आउटमधून केबल काढून सरळ अँपच्या इनपुटला लावली तर काय होतं. आवाज येतो. पण नीट येत नाही, आणि त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं लेव्हल. प्रोफेशनल लाइन लेव्हल म्हणजे +४ डीबीयू, साधारण १.२३ व्होल्ट, आणि बरेच इंटरफेस फुल्ल सोडले तर त्याच्याही कितीतरी वर जातात. साध्या पॅसिव्ह गिटारचं पिकअप नेहमीच्या वाजवण्यात व्होल्टच्या एका हिश्श्यावर चालतं, हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) जोरात स्ट्रोक मारला तर क्षणभर व्होल्टच्या आसपास जाईल. अँपचा पहिला वॉल्व्ह ह्या छोट्या सिग्नलसाठी बनवलेला असतो, त्याच्यात लाइन लेव्हल ओतली की आवाज तिथेच फाटतो आणि मग तुम्ही गेन कमी करून काही उपयोग नाही. दुसरं इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलच्या वाटेतला विजेचा अडथळा. इंटरफेसचा आउट शंभर-दोनशे ओमचा आणि बॅलन्स्ड (दोन सिग्नल तारांचा, बाहेरचा कचरा कापणारा), गिटारचं पिकअप हजारो ओमचं आणि अनबॅलन्स्ड. तिसरं ग्राउंड. लॅपटॉप, इंटरफेस आणि अँप हे सगळे वेगवेगळ्या वाटेने अर्थला जोडलेले असतात, त्यांना केबलने थेट जोडलं की गोल तयार होतो आणि ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेची घूंऽऽ सुरू. रीअँप बॉक्समध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, तो दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने तोडून फक्त आवाज पलीकडे पाठवतो, एक नॉब असतो लेव्हल कमी करायला आणि एक ग्राउंड लिफ्टचा स्विच. बस एवढंच आहे आत. गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला किंवा इंटरफेसला देणारा डीआय बॉक्स जे करतो त्याच्या बरोबर उलटं काम.

तसं कोरा ट्रॅक परत अँपमध्ये पाठवायची पद्धत स्टुडिओवाले आधीपासून वापरायचे, पण खास ह्याच कामाचा डबा जॉन क्युनिबर्टी ह्या अमेरिकन इंजिनिअरने १९९० च्या दशकात बनवून विकायला सुरुवात केली, पुढे ते प्रॉडक्ट कॅनडाच्या रेडियल इंजिनिअरिंगने घेतलं. आज रेडियलचेच दोन-तीन प्रकार मिळतात, पामरचा आहे, बाकीही कंपन्या आहेत. घरच्या कामाला पॅसिव्ह घ्या. त्याला अडॅप्टर लागत नाही, म्हणजे हम यायला एक वाट कमी. घेताना फक्त तीन गोष्टी बघा, आत ट्रान्सफॉर्मर आहे का, लेव्हलचा नॉब आहे का, ग्राउंड लिफ्ट आहे का. ह्यातलं एक जरी नसेल तर पैसे घालू नका.

आणि हो, बरेच जण विचारतात की घरात पॅसिव्ह डीआय बॉक्स पडलाय, तोच उलटा लावला तर चालेल का. ट्रायल घ्यायला चालेल. एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनवाल्या) बाजूने सिग्नल आत द्यायचं आणि गिटारच्या जॅकमधून बाहेर काढायचं, त्यासाठी मेल-फीमेल बदलणारा कनेक्टर लागेल. पण डीआयचा ट्रान्सफॉर्मर सरळ दिशेने व्होल्टेज कमी करतो, म्हणजे उलट लावला की वाढवतो, त्यामुळे डॉमधला (डीएडब्ल्यू, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला) फेडर एकदम खाली, तळाशी ठेवून सुरुवात करा नाहीतर अँपच्या कानाखाली बसेल. अॅक्टिव्ह डीआय उलटा लावता येत नाही, तो नाद सोडा.

डीआय ट्रॅक आधी नीट घ्या

इथे जे बिघडतं ते पुढे कुठल्याच अँपने सुधरत नाही, उलट गेन वाढला की तेच जास्त ऐकू येतं. गिटार इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावा, ज्याला हाय-झी म्हणतात, बटण असेल तर दाबलंय का बघा. त्या इनपुटचा इम्पीडन्स साधारण १ मेगाओम असतो, अँपच्या इनपुटसारखाच, म्हणून पिकअपला वाटतं आपण अँपलाच जोडलेलो आहोत आणि त्याची चमक जशीच्या तशी रेकॉर्ड होते. चुकून साध्या लाइन इनपुटला लावलं तर ती चमक तिथेच मरते, आणि मेलेली ट्रेबल नंतर ईक्यूने वाढवली तर नुसता सूंऽऽ वाढतो. केबल पण ३ मीटरच्या आसपासची ठेवा, लांब केबल ट्रेबल खाते.

गेन असा ठेवा की सगळ्यात जोरात वाजवल्यावर मीटर -१२ डीबीच्या आसपास जाईल, -६ च्या वर तर जायलाच नको. २४ बिटला रेकॉर्ड करताना वर भरून घ्यायची काही गरज नाही. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, गेन एकदा ठरला की त्या नॉबचा मोबाइलवर फोटो काढा. ह्या फोटोचं काम पुढे येणार आहे.

वाजवताना कोरा आवाज ऐकत वाजवू नका, हात आखडतो. डॉमध्ये अँपचं प्लगइन लावून तोच आवाज हेडफोनमध्ये ऐका, कारण डिस्टॉर्शनमध्ये वाजवताना माणूस तारा वेगळ्या दाबतो, पाम म्यूट वेगळा करतो, सस्टेन किती धरायचा हे ऐकूनच ठरवतो. फक्त ते प्लगइन रेकॉर्ड होत नाहीये ना हे तपासा, ट्रॅकवर लावलेलं असेल तर फाइल कोरीच राहते.

सिंगल कॉइलवाल्यांनी बसायची जागा शोधावी. लॅपटॉपकडे तोंड करून बसलं की बझ येतो, जरा नव्वद अंशात फिरलं की गायब होतो, ती जागा सापडेपर्यंत खुर्ची फिरवा. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ट्यूनिंग प्रत्येक टेकच्या आधी बघायचं, ४० च्या वर पारा गेला की पंखा चालू-बंद केल्यावरसुद्धा तारा हलतात. डीआयला माइक नसल्याने पंखा चालू ठेवता येतो हे एक सुख आहे, त्याचा फायदा घ्या.

एडिट करताना जिथे जिथे कापलं तिथे क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा हळू विरत दुसरा हळू वर येऊ द्या. कोऱ्या ट्रॅकमध्ये न ऐकू येणारी बारीक टिक, अँपच्या डिस्टॉर्शनमधून आली की फटाका वाजल्यासारखी येते.

जोडणी आणि रूटिंग

इंटरफेसला ४ आउटपुट असतील तर काम सोपं आहे, १ आणि २ ला मॉनिटर स्पीकर, ३ मधून रीअँप बॉक्स. इंटरफेसपासून बॉक्सपर्यंतची केबल बॅलन्स्ड पाहिजे, बहुतेक बॉक्सना एक्सएलआर इनपुट असतो म्हणून टीआरएस (तीन संपर्कांचा बॅलन्स्ड जॅक) ते मेल एक्सएलआर अशी केबल लागते, ती तयार नाही मिळाली तर दुकानात करून घ्या. बॉक्सपासून अँपपर्यंत साधी गिटारची टीएस केबल. आता ह्या दोन्हीपैकी लांब कुठली ठेवायची? लांब ठेवायची ती बॅलन्स्डवाली. बॉक्स अँपच्या शेजारी ठेवा आणि तिथून छोटी केबल अँपमध्ये, कारण टीएस केबल अँटेनासारखी सगळा कचरा गोळा करते. अँप दुसऱ्या खोलीत असेल तर बॅलन्स्ड केबल १०-१५ मीटर टाकली तरी काही बिघडत नाही.

दोनच आउटपुट असलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. उजवा आउटपुट बॉक्सला द्या, डावा ऐकायला ठेवा. डीआय ट्रॅक पूर्ण उजवीकडे पॅन, बाकी सगळं गाणं पूर्ण डावीकडे पॅन, हेडफोनमध्ये एका कानात गाणं आणि एका कानात कोरी गिटार येईल, तेवढी चार मिनिटं सहन करा. पॅन लॉचा सेटिंग असेल तर ० करा, म्हणजे पॅन केल्यावर लेव्हल बदलणार नाही. फक्त अशा इंटरफेसवर समोरचा मोठा मॉनिटर नॉब बॉक्सला जाणारी लेव्हलसुद्धा बदलतो, म्हणून तो नॉब एका जागी ठेवून पेन्सिलने खूण करा आणि काम होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

डॉमध्ये डीआय ट्रॅकचा मास्टरला जाणारा सेंड बंद करा आणि त्याला थेट हार्डवेअर आउटपुट ३ द्या. रीपर ह्या डॉमध्ये ट्रॅकच्या रूटिंगमध्ये मास्टर सेंडची टिक काढली आणि खाली हार्डवेअर आउटपुट जोडला की झालं. डीआयवर जे प्लगइन ऐकायला लावलं होतं ते बंद करा. दुसरा नवा ट्रॅक घ्या माइकसाठी, त्याला रेकॉर्ड आर्म करा, पण त्याचा आवाज चुकूनही आउटपुट ३ ला जाता कामा नये. गेला तर माइकचा आवाज परत अँपमध्ये, अँपचा परत माइकमध्ये, आणि एका सेकंदात असा किंचाळतो की स्पीकर आणि कान दोन्ही जातील. दोन आउटपुटवाल्यांनी तर ह्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंदच ठेवायचं, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण पण बंद.

लेव्हल जुळवायची पक्की पद्धत

बरेच जण इथे कानाने अंदाज घेतात, 'हां आता बरं वाटतंय' म्हणतात आणि पुढे जातात. मग अँप जरा जास्तच फाटलेला किंवा जरा मेलेला वाटतो, आणि दोष जातो बॉक्सला. अँपला गिटारमधून जेवढे व्होल्ट मिळाले असते बरोब्बर तेवढेच मिळाले पाहिजेत, आणि ते मोजता येतं, त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

डॉमध्ये टेस्ट टोनचं प्लगइन असतं, त्यातून ४०० हर्ट्झचा साइन -१२ वर सोडा, आउटपुट ३ मधून, फेडर ० वर. बॉक्सचा नॉब आधी पूर्ण खाली. आता बॉक्समधून बाहेर येणारी केबल अँपला न लावता परत इंटरफेसच्या त्याच हाय-झी इनपुटला लावा जिथे गिटार लावली होती, आणि गेनचा नॉब मोबाइलमधला फोटो बघून तसाच्या तसा ठेवा. आता बॉक्सचा नॉब हळूहळू वाढवत जा आणि इनपुटचं मीटर बघा. मीटरवर -१२ आलं की थांबा. झालं. ह्याचा अर्थ लॅपटॉपमधून जे -१२ ने निघतं ते बॉक्सच्या तोंडाशी तेवढ्याच व्होल्टने येतंय, जेवढ्या व्होल्टला रेकॉर्ड करताना -१२ दिसलं होतं. आता तीच केबल काढून अँपमध्ये लावा. नॉबवर एक छोटी पट्टी चिकटवून खूण करा.

नॉब पूर्ण उघडूनही -१२ येत नसेल तर डॉचा फेडर थोडा वाढवा, आणि नॉब अगदी तळाशी असतानाच येत असेल तर फेडर १० डीबी खाली घ्या म्हणजे नॉबला हलायला जागा मिळते. जे काय कराल ते फेडरसकट लिहून ठेवा. मी दर वेळी हे करतो आणि दर वेळी अँप लावल्यावर पहिल्याच स्ट्रोकला कळतं की हा तोच अँप आहे, बोटाने जोर कमी केला की स्वच्छ होतो, वाढवला की गुरगुरतो. ही गंमत लेव्हल चुकली की जाते, मग कितीही भारी वॉल्व्ह अँप असू द्या.

मित्राने पुण्याहून डीआय पाठवला असेल तर त्याच्या गेनचा पत्ता नसतो. तेव्हा तुमच्याकडची तशाच पिकअपची गिटार अँपला लावा, कॉर्ड मारा, कुठे फाटायला लागतो ते कानात धरा, मग त्याचा ट्रॅक बॉक्समधून खालून वर आणत तिथपर्यंत या. हे अंदाजाचं काम आहे, पण अशा वेळी दुसरा इलाज नाही.

हम आला तर

"लय हम येलालंय की बे" हा मेसेज मला सगळ्यात जास्त येतो, आणि माणसं लगेच बॉक्स परत करायला निघतात. आधी शोधा तो कुठून येतोय. अँप चालू करा, त्यात काहीच लावू नका. हम असेल तर तो अँपचा स्वतःचा आहे. मग बॉक्स लावा पण बॉक्सची इंटरफेसकडची बाजू मोकळी ठेवा. मग ती बाजू जोडा. ज्या पायरीला हम वाढला तिथेच भानगड आहे. शेवटच्या पायरीला वाढला तर ग्राउंड लिफ्ट दाबा, बहुतेक वेळा तिथेच संपतं. गोल खालचा हूंऽऽ असेल तर ग्राउंड लूप समजा, कर्कश करकर असेल तर चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ट्यूबलाइट नाहीतर एलईडीचा स्वस्त ड्रायव्हर ह्यांच्यावर संशय घ्या आणि एकेक बंद करून बघा.

लॅपटॉप, इंटरफेस आणि अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, म्हणजे सगळ्यांचं अर्थ एकाच ठिकाणी येतं. घरच्या छोट्या अँपला आणि लॅपटॉपला मिळून फार लोड नसतो, एक चांगला बोर्ड पुरतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रीअँप करू नका जर तो साधा स्क्वेअर वेव्हवाला असेल, त्याची करकर अँपमधून स्पष्ट ऐकू येते. तोपर्यंत लॅपटॉपच्या बॅटरीवर डीआय घेत बसा, बरेच छोटे इंटरफेस यूएसबीवर चालतात. माग चालणाऱ्या भागात मोटरी चालू-बंद होताना लाइनवर टक् टक् येतं, तिथे माग बंद असतानाची वेळ पकडलेली बरी.

आणि हे मी हात जोडून सांगतो. हम घालवायला अँपच्या प्लगची अर्थची पिन कधीही तोडू नका, दोन पिनवाला अडॅप्टर लावून अर्थ उडवू नका. २३० व्होल्ट आहेत ते. आत काही बिघडलं तर अँपची बॉडी, तिथून केबलची शील्ड, तिथून गिटारच्या तारा आणि तिथून तुमचा हात, अशी सरळ वाट आहे. ग्राउंड लिफ्टचा स्विच फक्त ऑडिओ केबलची शील्ड सोडतो, घरच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून तो दाबायला काही भीती नाही. जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या खोलीत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच जोडलेली नसते, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, रीअँप बॉक्सच्या आधी तो खर्च करा. वॉल्व्ह अँप उघडून बघायचा मोह पण टाळा, आत ३००-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. स्पीकर जोडल्याशिवाय वॉल्व्ह अँप चालू करायचा नाही हे तर सगळ्यांना माहीत असायलाच पाहिजे.

माइक आणि चादरी

अँप जमिनीवरून उचला, पाट किंवा स्टूल चालेल, नाहीतर फरशी बास वाढवते. एसएम५७ सारखा साधा डायनॅमिक माइक पुरेसा आहे, जाळीपासून दोन-तीन बोटं अंतरावर. मोबाइलचा टॉर्च जाळीवर मारा, आत कोन दिसतो आणि मध्ये गोल टोपी दिसते. माइक टोपीच्या मधोमध धरला तर आवाज धारदार, टोपीच्या कडेला आणला तर भरीव, अजून बाहेर नेला तर जाड आणि बोथट होत जातो. मी टोपी आणि कोन जिथे भेटतात तिथून सुरू करतो. रीअँपिंगची खरी मजा इथे आहे बघा, ट्रॅक लूपवर टाका आणि माइक बोटभर सरकवत फिरा, वाजवणारा दमत नाही, प्रत्येक वेळी तोच टेक येतो, त्यामुळे फरक पडला तो माइकनेच पडला हे शंभर टक्के कळतं. गिटार हातात धरून हे कधीच जमत नाही.

फोम शोधत बसू नका, आपल्या गावात घरोघरी सोलापुरी चादरी आहेत. जाड सुती चादर चार पदरी करून अँपच्या मागच्या भिंतीपासून हातभर पुढे, दोरीवर टांगा, आणि एक माइकच्या मागे उभी करा. खोलीचा पत्र्यासारखा वाजणारा भाग लगेच बसतो. मात्र चादर ट्रेबल आणि थोडा मिड खाते, बासला ती अडवत नाही, त्यामुळे खालच्या मजल्यावर आवाज जाणार नाही असं समजू नका. आणि चादर अँपवर पांघरू नका, वॉल्व्हला हवा लागते, तिथे सुती कापड तापणं बरं नाही. माइक चालू असताना पंखा मात्र बंद करावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी उरका.

वॅटचं म्हणाल तर १५ वॅटचा वॉल्व्ह अँपसुद्धा फ्लॅटमध्ये भरपूर मोठा होतो. जुळे सोलापूरसारख्या ठिकाणी अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर ५ वॅटचा बघा, किंवा रीअँप बॉक्स, अँप हेड आणि लोड बॉक्स अशी साखळी करा. लोड बॉक्स स्पीकरच्या जागी लागतो, त्याचा लाइन आउट इंटरफेसला, आणि स्पीकरचा आवाज डॉमध्ये इम्पल्स रिस्पॉन्सने (स्पीकर आणि माइकचा स्वभाव टिपलेल्या फाइलने). खऱ्या वॉल्व्हचं डिस्टॉर्शन मिळतं आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही.

अँपच नाही अशांनाही बॉक्स उपयोगी आहे. बॉक्समधून पेडल, पेडलमधून परत इंटरफेसच्या हाय-झीला. ओव्हरड्राइव्ह, कोरस, जुना अॅनालॉग डिले, सगळं सावकाश नॉब फिरवत लावता येतं. जुन्या धाटणीच्या फझ पेडलला मात्र गिटार थेट लावलेलीच आवडते, त्याला पिकअपशी बोलायचं असतं, तिथे बॉक्सने तसाच आवाज येईल असं धरू नका.

गिटारपलीकडे पण विचार करा. आपल्याकडे बँजो पार्ट्या आहेत, पिकअपवाला बँजो असतो, तो कोरा रेकॉर्ड करून नंतर स्प्रिंग रिव्हर्बवाल्या अँपमधून काढला तर मिरवणुकीतला तो भरलेला आवाज येतो, आणि तोही स्वच्छ. कीबोर्डमधला हार्मोनियम फार गुळगुळीत वाटत असेल तर तोही अँपमधून जरा गरम करून मूळ आवाजाखाली मिसळा. इथे मोजमापाची पद्धत लागू नाही, कारण तो कधी गिटार नव्हताच, नॉब खालून वर आणा आणि कानाला पटेल तिथे थांबा. स्टीरिओ ट्रॅक असेल तर डावा आणि उजवा वेगवेगळे पास घ्या, अँपची आणि माइकची जागा न हलवता.

परत आलेला ट्रॅक जागेवर बसवणं

सिग्नल बाहेर जाऊन, स्पीकरमधून हवेत येऊन, माइकमधून परत येतो, त्यामुळे तो डीआयपेक्षा थोडा मागे पडतो. इंटरफेस आपली लेटन्सी (आत-बाहेर होताना लागणारा उशीर) डॉला सांगतो पण ती नेहमीच बरोबर असते असं नाही, आणि माइक जितका लांब तितका अजून उशीर, साधारण ३४ सेंटिमीटरला १ मिलिसेकंद. उपाय सोपा आहे, गाणं सुरू व्हायच्या आधी डीआय ट्रॅकवर एक छोटी टिक टाकून ठेवा. ती पण अँपमधून जाऊन परत रेकॉर्ड होते. मग झूम करून दोन्ही टिका एका रेषेत आणा. डीआयचा टोन प्लगइनने करून खऱ्या अँपसोबत मिसळणार असाल तर हे करायलाच पाहिजे, शिवाय पोलॅरिटी (लाटेची वर-खालची दिशा) पण उलटी करून बघा, कारण अँप किंवा बॉक्स कुठेतरी ती फिरवू शकतो. ज्या बाजूला बास भरून येतो ती बरोबर.

रेकॉर्ड झाल्यावर अँपचे नॉब, माइकची जागा आणि बॉक्सची खूण ह्यांचे फोटो त्याच प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका. डीआय डिलीट करू नका, म्यूट करून ठेवा, सहा महिन्यांनी दुसरा अँप हातात आला की तोच टेक पुन्हा काढता येतो. आणि मिक्सला बाहेर पाठवत असाल तर डीआय आणि अँप दोन्ही ट्रॅक गाण्याच्या अगदी पहिल्या बारपासून, २४ बिट वेव्हमध्ये पाठवा, एमपी३ नको, म्हणजे पलीकडच्या माणसाला ते ओढत बसावं लागत नाही.